एका घराचं एक प्रोफाइल: सामाईक खात्यांचं काम मार्गी लावताना

अनोळखी प्रवाशाला फुकट घरी उतरवून घेणाऱ्या संकेतस्थळांवर 'आम्ही दोघं' म्हणून उघडलेली खाती काही नवी नाहीत. नवरा-बायको, दोन मैत्रिणी, एकत्र भाड्याने राहणारे पाच-सहा जण, सगळे एकाच ईमेलवर आणि एकाच पासवर्डवर. नियमात बसत नाही, पण चालतं. मी ज्या मुक्तस्रोत, स्वयंसेवी संकेतस्थळासाठी डिझाइनचं काम करते तिथेही असंच चाललं होतं. या मंडळींना रीतसर जागा करून द्यायची, म्हणजे 'घर' असं सामाईक प्रोफाइल बनवायचं, हे काम एका जानेवारीत माझ्याकडे आलं आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ते लोकांच्या हाती पडलं. कुणाच्या वाट्याला असलंच काम आलं तर गाडं कुठे कुठे अडतं हे आधीच ठाऊक असावं, म्हणून लिहून ठेवते आहे.

छापील याद्यांच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. प्रवाशांना घरी उतरवून घेणाऱ्यांची सर्व्हास ही चळवळ १९४९ साली सुरू झाली. एस्परांतो ही कृत्रिम भाषा बोलणाऱ्यांची 'पासपोर्टा सेर्वो' ही यजमानांची पुस्तिका १९७४ साली निघाली. पुस्तिकेत नाव, पत्ता आणि किती जणांची, किती रात्रींची सोय, एवढं असलं की भागायचं. घरात दोन माणसं आहेत की सात, याने यादीचं काही बिघडत नसे. मग २००० मध्ये हॉस्पिटॅलिटी क्लब, २००४ मध्ये काउचसर्फिंग, २००७ मध्ये बीवेलकम अशी संकेतस्थळं आली आणि यादीतल्या ओळीच्या जागी खातं आलं. खात्याला ईमेल लागतो, पासवर्ड लागतो, जन्मतारीख लागते, आणि या गोष्टी एकेका माणसाच्या असतात. पाहुणचार मात्र घराचाच राहिला. आमचा सगळा घोळ या एका फटीतून आला होता.

मूळ प्रस्तावात काम दोन महिन्यांचं लिहिलं होतं. एक नवं पान, वर सगळ्यांचे गोल फोटो, खाली 'सदस्य जोडा' असं बटण. हे चित्र पाहून कुणालाही दोन महिने पुष्कळ वाटतील.

मी रेखाटनं बाजूला ठेवून आधी मॉडरेटरांशी, म्हणजे संकेतस्थळावरच्या तक्रारी हाताळणाऱ्या स्वयंसेवकांशी, बोलायला घेतलं, आणि हे मी सगळ्यांनाच सुचवीन. यजमान तुम्हाला सांगतात की त्यांना काय हवंय. काय काय फिसकटलंय हे मॉडरेटरांकडे असतं. टीम वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये विखुरलेली, त्यामुळे सकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कधी दुसऱ्या तर कधी तिसऱ्या दिवशी. फेब्रुवारी आणि मार्च असेच गेले. हाती आलं ते असं: जोडपं विभक्त झालं की दोघंही मॉडरेटरांकडे पत्र पाठवतात, 'खातं माझं आहे'. खात्यावरच्या फोटोत दोघं आहेत म्हणून एकटी प्रवासी निर्धास्तपणे येते आणि घरी फक्त पुरुष असतो, बाई कामानिमित्त परगावी. ज्याच्यावर बंदी घातली तो जोडीदाराच्या खात्यातून पुन्हा आत येतो. आणि सर्वांत नेहमीचं म्हणजे, 'फारच छान लोक, खूप मदत केली' असा रेफरन्स, म्हणजे मुक्कामानंतरचा अभिप्राय, लिहिलेला असतो, पण तो नक्की कुणाबद्दल आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

एप्रिलमध्ये पहिला मोठा वाद झाला. घराला स्वतःचं खातं द्यायचं की नाही? एका गटाचं म्हणणं साधं होतं. लोक आजही एकच पासवर्ड वाटून घेतात, तेच अधिकृत करा. खात्याचा प्रकार निवडताना 'एकटा' आणि 'अनेक' असे दोन पर्याय द्या, झालं. दुसऱ्या गटाचं म्हणणं असं की खातं फक्त माणसाचंच असावं, घर म्हणजे त्या माणसांना जोडणारी नोंद असावी आणि घराला लॉगिनच नसावं. मी दुसऱ्या बाजूला होते आणि आजही आहे. अनोळखी माणसाच्या घरी झोपायला जाताना आपण विश्वास ठेवतो तो माणसावर. सामाईक खात्यात हा विश्वास कुणाच्याही नावावर न चढता नुसता साचत राहतो, आणि काही बिनसलं तर जबाबदारीही तशीच कुणाच्याच अंगावर येत नाही. पासवर्ड वाटून घेण्याने सुरक्षेचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

वाद मिटवला तो मॉडरेटरांच्या तक्रारींनी. आम्ही प्रत्येक तक्रार घेऊन दोन्ही आराखड्यांवर चालवून पाहिली. पहिल्या आराखड्यात जवळपास प्रत्येक ठिकाणी 'इथे मॉडरेटर निर्णय घेईल' असं लिहावं लागलं. मोजक्या स्वयंसेवकांच्या संस्थेत हे उत्तर म्हणजे नुसतं भिजत घोंगडं. मे महिन्यात दुसरा आराखडा मंजूर झाला.

डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर माणसांचं टेबल तसंच राहिलं, घरांचं एक नवं टेबल आलं आणि दोन्हींच्या मधे सदस्यत्वाचं. या मधल्या टेबलात कोण, कुठलं घर, कधीपासून, कधीपर्यंत आणि स्थिती काय (निमंत्रित, सदस्य, बाहेर पडलेला) एवढंच. 'कधीपर्यंत' हे फील्ड पहिल्या दिवशीच ठेवा. नुसतं 'सदस्य आहे / नाही' ठेवलंत तर एखादा रेफरन्स लिहिला गेला तेव्हा त्या घरात कोण कोण राहत होतं हे नंतर कुठूनच कळत नाही. निमंत्रण दोन्ही बाजूंनी मान्य व्हायला हवं हेही तेव्हाच ठरलं. कुणालाही न विचारता आपल्या घरात दाखवता आलं, तर तो त्रास देण्याचा सोपा मार्ग ठरतो. नाकारलेलं निमंत्रण त्याच माणसाला लगेच पुन्हा पाठवता येत नाही.

घरासोबत काय जातं आणि माणसासोबत काय जातं, याची वाटणी करताना बहुतेक फील्डं मुकाट्याने आपापल्या जागी गेली. पत्ता, पाहुण्यांची संख्या, झोपायची सोय, प्राणी, धूम्रपान, पायऱ्या किती, हे घराचं. जन्मतारीख, लिंग, ओळख-पडताळणीचा शिक्का हे माणसाचं. भाषा माणसाच्याच, पण घराच्या पानावर एकत्र दिसतात आणि कोण कुठली बोलतं ते बोट ठेवल्यावर कळतं. पडताळणीचा शिक्का घराला द्या असा आग्रह बरेच दिवस चालला. दिला नाही. चौघांतल्या एकीने ओळखपत्र दाखवलं म्हणून उरलेल्या तिघांच्या नावापुढे खूण येणं म्हणजे तिच्या पुण्याईवर तिघांनी गंगा नाहण्यासारखं.

रेफरन्सवर मात्र उन्हाळा संपला तरी आम्ही तिथेच होतो. पाहुण्याला घर आठवतं, माणसं सुटी सुटी आठवत नाहीत. तीन रात्री पाच जणांच्या घरात काढल्यावर पाच वेगळे रेफरन्स लिहा म्हटलं तर तो एकही लिहीत नाही. म्हणून मुक्कामाची एक वेगळी नोंद केली. पाहुणा मजकूर एकदाच लिहितो, वर घरातल्यांची नावं दिसतात, आणि जे प्रत्यक्ष भेटले त्यांच्यापुढे खूण करतो. मजकूर एक, पण तो चिकटतो खूण केलेल्या माणसांना. घराच्या पानावर सध्या राहणाऱ्यांचे रेफरन्स एकत्र दिसतात, प्रत्येकावर नाव असतं. माणूस घर सोडून गेला की त्याचे रेफरन्स त्याच्याबरोबर जातात. नवा माणूस आला की त्याच्या नावापुढे जुन्यांची शाबासकी दिसत नाही. चाचणीत काही यजमान यावर नाराज झाले. वर्षानुवर्षं पाहुणे घेणारं मोठं घर, माणसं येतात-जातात, आणि पानावर मोजकेच रेफरन्स उरतात. त्यांची तक्रार खोटी नाही. त्यासाठी 'या घरात आधी झालेले मुक्काम' असा एक आकडा ठेवला, मजकूर न दाखवता. तडजोड आहे, पण दोन्ही बाजूंना पटली.

नकारात्मक रेफरन्समध्ये एक बारीक गोष्ट निघाली. पाहुणीला एकाचा त्रास झाला असेल, तर मजकूर घरभर दिसावा की त्या एकापुरता? खूण एकालाच केली असली तरी तो माणूस तिथे राहतो तोवर मजकूर घराच्या पानावर दिसतोच. बाकीच्यांना तो आवडणार नाही हे उघड आहे. पण पुढच्या पाहुणीला ज्या दारातून आत जायचंय, ती माहिती त्या दारावरच हवी.

नकाशाचं प्रकरण जूनमधलं, आणि ते आमच्या एका डेव्हलपरने उघडकीस आणलं. अशा संकेतस्थळांवर सहसा यजमानाचं नेमकं ठिकाण दाखवत नाहीत. खूण मुद्दाम थोडी सरकवतात आणि भोवती वर्तुळ काढतात. खरा पत्ता होकार दिल्यावरच. आता एकाच घरातल्या चौघांनी आपापली खाती काढली आणि प्रत्येकाची खूण वेगळी सरकवली गेली, तर काय होईल? त्याने स्क्रीन शेअर करून चार वर्तुळं काढली. प्रत्येक वर्तुळ पुरेसं मोठं, एकेकट्यावरून काही कळत नव्हतं. पण खरं घर चारही वर्तुळांच्या आत असणारच, आणि ती चारही जिथे एकमेकांवर येत होती तो तुकडा जेमतेम दोन-तीन इमारतींएवढा होता. 'हे एकत्र राहतात' असं आम्हीच पानावर लिहिणार होतो. म्हणजे पत्ता लपवायचा आणि गणिताने सांगूनही टाकायचा!

उपाय असा: सरकवण्याची दिशा आणि अंतर घराचं असावं, माणसाचं नसावं. घराची नोंद होताना ते एकदाच काढायचं आणि साठवून ठेवायचं. पान उघडेल तेव्हा नव्याने काढायचं नाही, नाहीतर पान पुन्हा पुन्हा उघडून सरासरी काढणाऱ्याला पत्ता मिळतो. सदस्य घरात आला की त्याची स्वतःची खूण नकाशावरून उतरते. तुम्ही एकेकट्या माणसांच्या नकाशावर गट बसवत असाल तर ही तपासणी दृश्य डिझाइनच्या आधी करा, कारण तिच्यामुळे शोधाचं पानही बदलतं. आमच्याकडे तेच झालं. आधी एकाच घरातल्या दोघांनी 'दोन पाहुण्यांची सोय' लिहिली की शोधात चार जागा दिसत. आता घर एकदाच दिसतं.

शोधातल्या फिल्टरवर फार चर्चा झाली नाही. 'फक्त स्त्री यजमान' निवडलं तर घरातले सगळे प्रौढ सदस्य स्त्रिया असतील तरच ते घर दिसतं. एकजण म्हणाले, एक बाई असली तरी पुरे. मॉडरेटर मंडळींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि विषय संपला.

निरोपांचं मात्र तसं नव्हतं. पाहुण्याने लिहिलेला निरोप घरातल्या सगळ्यांना जातो, हे त्याला ठाऊक असलंच पाहिजे. लोक निरोपांत तब्येतीबद्दल, घरच्या अडचणींबद्दल लिहितात. म्हणून 'पाठवा' या बटणाच्या वर एक ओळ आली: हा निरोप कोणाकोणाला दिसेल, नावांसकट. अर्ध्या दिवसाचं काम असेल ते, पण चाचणीत सर्वाधिक कौतुक याच ओळीचं झालं. नव्या सदस्याला तो आल्याच्या तारखेपासूनचे निरोप दिसतात, त्याआधीचे नाहीत. बाहेर पडलेल्याला आपल्या काळातले वाचता येतात, उत्तर देता येत नाही.

होकार कोणी द्यायचा? 'सगळ्यांनी हो म्हटलं तरच' हा नियम कागदावर फार शोभिवंत होता. खऱ्या घरांवर चालवून पाहिला तेव्हा सहा जणांतला एक कायम प्रवासात, त्याचं उत्तर येईना, आणि पाहुणा तारखा उलटेपर्यंत ताटकळत बसला. 'कुणीही एकाने हो म्हटलं की झालं' यात दुसऱ्याच्या परीक्षेच्या आदल्या रात्री घरात तीन सायकलस्वार. शेवटी नकार आधी नोंदवायची सोय केली. घराचं एक कॅलेंडर आहे, त्यात कुणीही सदस्य कुठल्याही तारखा कारण न देता बंद करू शकतो. उरलेल्या तारखांना एकाचा होकार पुरतो आणि बाकीच्यांना सूचना जाते. कारण विचारायचं फील्ड मी मुद्दाम ठेवलं नाही. ठेवलं असतं तर घरातल्या भांडणांना आम्हीच कागद पुरवला असता.

बाहेर पडण्याचं डिझाइन आत येण्याच्या आधी करा, हे मॉडरेटरांमधल्या एका ताईंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. त्यांनी अशी प्रकरणं हाताळली होती जिथे जोडीदार पासवर्ड धरून बसलेला असतो. त्यामुळे 'बाहेर पडा' हे बटण घराच्या पानावर नाही, प्रत्येकाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये आहे, कारण घराच्या पानावरच्या हालचाली इतरांना दिसतात. बाहेर पडायला कुणाची परवानगी लागत नाही, इतरांना ईमेल जात नाही, आणि त्या व्यक्तीचं नवं ठिकाण रिकामं राहतं, ती स्वतः भरेपर्यंत. जुन्या ठिकाणावर खूण आपोआप टाकणं किंवा मोबाइलवरून नवं ठिकाण ओळखणं, दोन्ही नको. दोघांच्याच घरात 'दुसऱ्याला काढा' असा पर्यायच नाही. एकजण निघाला की घराचं पान मिटतं, वर्णनाची प्रत दोघांनाही मिळते आणि दोघंही पुन्हा आपापल्या खात्यावर. तिघांहून मोठ्या घरात एकाने सुचवायचं, दुसऱ्याने दुजोरा द्यायचा, आणि ज्याला काढायचं त्याला कळवून काही दिवसांची मुदत.

ब्लॉक करण्याचा नियम यापेक्षा कडक आहे. पाहुणीने घरातल्या एकाला ब्लॉक केलं की अख्खं घर तिच्या शोधातून जातं, आणि उलटही तसंच. बंदी घातलेला माणूस सदस्य असेल तोवर घराचं पान कुणालाच दिसत नाही.

जुलैपासून कागदपत्रं. संस्था युरोपात नोंदलेली, त्यामुळे २५ मे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा डेटा-संरक्षणाचा कायदा आम्हाला बंधनकारक. त्याच्या ३५व्या कलमानुसार, लोकांना मोठा धोका संभवतो अशा कामाआधी परिणामांचा लेखी आढावा घ्यावा लागतो: कुठली माहिती, कशासाठी, तिच्यावाचून भागेल का, धोका कुणाला, उपाय काय. आमचा मसुदा डेटाचं काम पाहणाऱ्या स्वयंसेवकाकडे गेला, तिथून एका वकिलांकडे. ते फुकट काम करत होते, म्हणून घाई करता येत नव्हती. मसुदा शेऱ्यांसकट परत आला तो ऑक्टोबर उजाडल्यावर. पैशांचा खर्च या सगळ्या कामात नगण्य; खर्च झाला तो असा वाट पाहण्याचा. त्या काळात हातात दुसरं काम ठेवा, नाहीतर मंडळी गळतात.

शेऱ्यांमधला सर्वांत मोठा होता 'नातं' या फील्डवर. आमच्या रेखाटनात घराच्या सदस्यांपुढे जोडपं, कुटुंब, मित्र असं निवडता येत होतं. वकिलांनी १ ऑगस्ट २०२२ च्या युरोपीय संघाच्या न्यायालयाच्या निकालाकडे बोट दाखवलं. लिथुआनियातलं प्रकरण, सी-१८४/२०. पद धारण करणाऱ्याच्या जोडीदाराचं नाव जालावर प्रसिद्ध केल्याने त्याचा लैंगिक कल अप्रत्यक्षपणे उघड होऊ शकतो, आणि अशी माहिती कायद्याच्या ९व्या कलमातल्या विशेष संरक्षित वर्गात येते, असं न्यायालयाने म्हटलं. दोन पुरुष सदस्यांपुढे 'जोडपं' लिहिलं की आम्ही तेच करणार होतो, तेही जगातल्या कुठल्याही देशातून दिसणाऱ्या पानावर. काही देशांत त्याचा परिणाम तुरुंगापर्यंत जातो. फील्ड काढून टाकलं. ज्यांना सांगायचंय ते वर्णनात स्वतःच्या शब्दांत सांगतात.

त्याच आढाव्यात लहान मुलांचं ठरलं. खातं १८ वर्षांवरच्यांनाच. मुलांबद्दल फक्त 'घरात मुलं आहेत' एवढी खूण, नावं नाहीत, वयं नाहीत. सदस्यत्वाच्या तारखा म्हणजे कोण कुणाबरोबर कधी राहिलं याचा इतिहास असतो, म्हणून त्या बाहेर कुठेच दिसत नाहीत आणि बाहेर पडल्यावर दोन वर्षांनी पुसल्या जातात. मॉडरेटरांना जास्त काळ हव्या होत्या, वकिलांना कमी. संचालक मंडळाने नोव्हेंबरच्या बैठकीत मधला आकडा धरला आणि वापराच्या अटींतला बदल मंजूर केला.

पडद्यावरचं खरं डिझाइन त्यानंतर, हिवाळ्यात झालं, आणि ते भराभर झालं. एक सांगण्यासारखं: एकमेकांवर चढवलेले गोल फोटो देखणे दिसतात, पण आमच्या एका अंध सदस्याच्या स्क्रीन-रीडरने, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, ते 'चित्र, चित्र, चित्र, अधिक दोन' असे वाचले. आता सगळ्या फोटोंना मिळून एक लेबल आहे, त्यात नावं आहेत. नावांच्या पट्टीचा फिकट राखाडी रंगही अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या ४.५:१ या कॉन्ट्रास्टच्या किमान मर्यादेत बसत नव्हता, गडद केला.

उरली जुनी सामाईक खाती. ती आपोआप फोडायची नाहीत हे एका मुलाखतीनंतर पक्कं झालं. वयस्कर यजमान, पत्नी काही वर्षांपूर्वी गेलेली, खातं दोघांचं, फोटो दोघांचा. ते त्रागा न करता नीट ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारलं, 'रेफरन्स माणसामागे जातात म्हणता, मग तिचे कुठे जातील?' त्यांच्या घरच्या जवळजवळ प्रत्येक रेफरन्समध्ये दोघांची नावं होती. आमच्या आराखड्यात या प्रश्नाला जागा नव्हती. दिवंगत सदस्यासाठी वेगळी खूण ठेवायची का, असं मी त्यांनाच विचारलं. नको म्हणाले; लोक फोटोकडे पाहून विचारतात, तेव्हा मीच सांगतो.

मग पत्राचा मजकूर ठरला. नावात 'आणि' असलेली, वर्णनात सतत 'आम्ही' म्हणणारी खाती स्क्रिप्टने वेगळी काढली, माणसांनी एकेक करून तपासली, आणि फेब्रुवारीत त्यांना तीन पर्याय कळवले: आहे तसं राहू द्या, त्यावर 'जुनं सामाईक खातं' असं लिहिलं जाईल, किंवा ते तुमच्यातल्या एकाच्या नावावर करा आणि इतरांनी नवी खाती काढून घरात यावं, किंवा बंद करा. मुदत नाही, आठवणीची पत्रं नाहीत. जुने रेफरन्स कुठल्याही पर्यायात पुसले जात नाहीत, 'दोघांना मिळून लिहिलेला' अशा खुणेसकट ते जुन्या जागीच राहतात. बहुतेकांनी पहिला पर्याय घेतला. घेऊ देत. नवी सामाईक खाती मात्र आता उघडता येत नाहीत. असं पत्र पाठवणार असाल तर पहिल्याच वाक्यात 'तुम्ही काही केलं नाहीत तरी काही हरवणार नाही' हे लिहा. आमच्या पहिल्या मसुद्यात ते चौथ्या परिच्छेदात होतं, आणि चाचणीतल्या लोकांनी तिथवर पोचायच्या आत घाबरून प्रश्न विचारायला सुरुवात केली होती.

एप्रिलमध्ये आधी थोड्या घरांना, मग सगळ्यांना दार उघडलं. पहिल्या आठवड्यातली तक्रार ईमेलची होती: एक पाहुणा, सहा सदस्य, सहा ईमेल, एकाने उत्तर दिल्यावर आणखी पाच. आता कुणी उत्तर द्यायला घेतलं की इतरांची सूचना थांबते आणि संध्याकाळी एकच एकत्रित पत्र जातं.

एकत्र प्रवास करणाऱ्या गटांचं काम अजून बाकी आहे. त्यांना घराचाच साचा लावा असं पुष्कळ जण सुचवतात. पण त्यांना पत्ता नसतो, गट दोन आठवड्यांत मोडतो, आणि दर मुक्कामाला त्यातली माणसं बदलतात. सध्या एवढंच केलंय की मुक्काम मागताना 'सोबत येणारे' म्हणून नावं जोडता येतात, आणि जोडलेल्या प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून हो म्हटल्याशिवाय मागणी यजमानाकडे जात नाही. यजमानांना हे आवडलंय. प्रवाशांपैकी निम्मे कुरकुर करतात की सोबतचा मित्र संकेतस्थळावर नाही आणि त्याला यायचंही नाही. त्याचं काय करायचं, यावर पुढच्या बैठकीत बोलणं आहे.